पाळण्याची दोरी आणि गिरणीचा भोंगा

नात तीन महिन्यांची होईपर्यंत तिच्या झोपेबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. चौथा महिना लागला आणि आठवड्याभरात सगळे पालटले. रात्री सलग चार-साडेचार तास झोपणारे बाळ तासातासाला जागे होऊ लागले. मुलगी बाळंतपणासाठी केडगावला आमच्याकडे आलेली. तिची नोकरी पुण्यात. प्रसूतीची रजा संपायला दोन महिने उरलेले. तिच्या मोबाइलमध्ये बाळाच्या झोपेची नोंद ठेवणारे अ‍ॅप आहे. दिवसाला एक आडवी ओळ आणि त्या ओळीत झोपेचे निळे पट्टे. त्या अ‍ॅपने या प्रकाराचे नावही सांगून टाकले, 'स्लीप रिग्रेशन', म्हणजे झोपेची पीछेहाट. पहाटे तीन वाजता तो पडदा माझ्यापुढे धरून मुलगी म्हणाली, "आई, माझं काय चुकलं गं?"

मला त्या नावापेक्षा हा प्रश्न जास्त खटकला. बाळाची झोप बदलली, तर चूक आईची, हे तिला कोणी शिकवले? मी तरी नाही. गेली वीस-बावीस वर्षे मी दौंड-शिरूर भागाच्या जुन्या गोष्टी जमेल तशा धुंडाळते आहे. शिक्षण बारावीपर्यंतचे, बाकी सगळे ग्रंथालयांच्या कृपेने. दुष्काळ, रेल्वे, गुऱ्हाळे यांवर टिपणे काढली, पण तान्ह्या बाळाची झोप हा इतिहासाचा विषय असेल असे कधी वाटले नव्हते. नातीने तो माझ्या पदरात टाकला.

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. झोपेत बाळ हसले की त्या हातातले काम थांबवून बघत आणि म्हणत, "सटवाई हसवतीया." ओठ मुडपून रडवेले झाले की, "आता रडवतीया बघ." आणि लगेच बजावत, "हात लावू नगं, झोपलंय ते." सटवाई म्हणजे षष्ठी. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून आपण तिची पूजा करतो, ती बाळाचे नशीब लिहून जाते अशी समजूत. 'पाचवीला पुजलेले' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. पण सटवाईचे काम एका रात्रीत संपत नाही. पुढचे कितीतरी आठवडे ती झोपलेल्या बाळाशी खेळत राहते, असे आमच्याकडच्या बायका मानत आल्या.

या समजुतीत श्रद्धेचा भाग किती हा वाद बाजूला ठेवू. तिच्यात एक निरीक्षण आहे आणि ते अचूक आहे. हसणारे, मुडपणारे, हातपाय झटकणारे, डोळे किलकिले करणारे बाळ जागे नसते. ते झोपलेलेच असते. शास्त्राने याची दखल घेतली ती १९५३ मध्ये. शिकागो विद्यापीठात नॅथनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली युजीन अ‍ॅसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी संशोधन करत होता. सुरुवातीला त्याच्याकडे काम होते झोपणाऱ्या बाळांच्या पापण्या न्याहाळण्याचे. त्या न्याहाळण्यातून पुढे बंद पापण्यांखालच्या बुबुळांच्या जलद हालचालींचा, म्हणजे आज आपण ज्याला स्वप्नांची झोप म्हणतो तिचा शोध लागला. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशा हालत्या-चालत्या अवस्थेत जाते, मोठ्या माणसाची साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे सटवाई दिवसातले सात-आठ तास कामावर असते म्हणायची! नव्या आया याच हालचालीला फसतात. बाळ कुरकुरले की जागे झाले समजून उचलतात, आणि मग ते खरोखरच जागे होते. आत्याबाईंच्या 'हात लावू नगं'मध्ये कितीतरी पिढ्यांच्या फसगतीचा अनुभव असणार.

क्लाइटमन यांनी त्याच वर्षी थिओडोर एंगलमन यांच्यासोबत आणखी एक निबंध छापला. १९ बाळांची झोप तिसऱ्या आठवड्यापासून २६व्या आठवड्यापर्यंत नोंदवलेली. त्यातल्या एका बाळाचा तक्ता आजही पाठ्यपुस्तकांत सापडतो. अकराव्या दिवसापासून १८२व्या दिवसापर्यंत, दिवसाला एक ओळ. माझ्या मुलीच्या मोबाइलमधल्या पट्ट्यांची ही मूळ आजीच. वरच्या ओळी पाहिल्या तर नुसते शिंतोडे उडाल्यासारखे दिसते. दिवस कोणता, रात्र कोणती काही कळत नाही. काही आठवड्यांनी शिंतोडे एकत्र येऊ लागतात, पण ते सरळ खाली न उतरता तिरके घसरतात. रोज झोपेची वेळ थोडी थोडी पुढे सरकते, जणू त्या बाळाचा दिवस चोवीस तासांपेक्षा मोठा आहे. 'बाळाने रात्रीचा दिवस केलाय' असे आपण म्हणतो, ते याच टप्प्यावर. चौथ्या-पाचव्या महिन्यात ती तिरकी रेघ थांबते आणि रात्रीची झोप रात्रीला येऊन चिकटते.

याचे कारण साधे आहे. अंधार-उजेडाशी मेळ घालणारे मेंदूतले घड्याळ बाळ जन्मताना घेऊन येते, पण ते चालू व्हायला दोन-तीन महिने लागतात. अंधारात पाझरणारे मेलाटोनिन तोवर त्याचे स्वतःचे नसते. पोटात असताना ते आईकडून येते, नंतर थोडेफार रात्रीच्या दुधातून. आणि घड्याळ लागते न लागते तोच झोपेची घडणही बदलते. सुरुवातीला बाळ थेट हालत्या झोपेत शिरते. तीन-चार महिन्यांनी ते मोठ्या माणसासारखे आधी शांत झोपेत उतरू लागते. झोपेचा एक फेरा साधारण पन्नास मिनिटांचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी आपण सगळेच क्षणभर वर येतो, कूस बदलतो आणि परत बुडतो. बाळाला कूसही बदलता येत नाही. ते वर येते, पाहते की झोपताना होती ती कूस, तो हेलकावा, तो वास आता नाही, आणि हाक मारते. ज्याला अ‍ॅप पीछेहाट म्हणते ती खरे तर वाढ आहे. दात येतो तेव्हाही त्रास होतो, म्हणून आपण त्याला दाताची पीछेहाट म्हणत नाही.

हे मुलीला सांगितले. तिला पटलेही. पण पटल्याने पहाटेचे तीन टळत नाहीत. जागायला कोणीतरी लागतेच. आणि इथून मला इतिहास दिसू लागला. बाळांची झोप शेकडो वर्षांत फारशी बदललेली नाही. बदलत गेले ते तिच्या उशाशी जागणारे माणूस आणि त्या माणसाच्या वेळेवरची मालकी.

आपल्या जुन्या ग्रंथांत या माणसाचा विचार आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या खोलीचे, कुमारागाराचे वर्णन येते. ती भक्कम, स्वच्छ, वाऱ्याचा झोत न लागणारी पण एका बाजूने हवा येणारी असावी, आणि अंधारी नसावी. सुश्रुताने सांगितले आहे की बाळाला दचकवू नये, एकाएकी जागे करू नये. वेखंड, हिंग, गुग्गुळ यांची धुरी चरकानेही सांगितली आहे आणि आमच्याकडे शेगडीवर ओवा-बाळंतशेपा-वावडिंगाची धुरी आजही होते. पण 'अंधारी नसावी' हे मात्र वाटेत कुठेतरी गळून पडले. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, अंधारी, दारे-खिडक्या बंद असलेली खोली, हेच आम्ही पाहिले. मी त्या खोलीत सव्वा महिना काढला आहे. बाजेखाली शेगडी, दारावर घोंगडी. दिवस कधी उगवला ते कोंबड्याच्या आरवण्यावरून कळायचे. सव्वा महिन्याने बाळाला उजेडात आणायचे, विहिरीवर जायचे. बाळाचे घड्याळ उजेडाची वाट बघत असते तेव्हा त्याला अंधारात ठेवणे हे काही शहाणपणाचे नव्हे. परंपरा म्हटली की सरसकट कौतुक करणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. मात्र त्याच खोलीत एक गोष्ट होती जी पुढे दुर्मीळ झाली. तिथे आईला दुसरे काम नव्हते. बाळ झोपले की तीही झोपे. न्हाऊ घालणारी बाई तेल रगडून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, धुरी देऊन बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवी, की ते पुढे दोन-तीन तास हलत नसे. बाराव्या दिवशी बारसे झाले की ते पाळण्यात जाई आणि पाळण्याची दोरी घरातल्या कोणाच्याही हातात जाई. आजी, नणंद, शेजारची पोर. दोरी लांब असते ती याचसाठी. स्वयंपाकघरात बसून भाकरी थापतानाही पायाच्या अंगठ्याला ती अडकवता येते.

सव्वा महिना संपला की मात्र आई कामाला लागे, आणि तिचे काम बाळाच्या आधी उठे. भल्या पहाटे जाते सुरू. मांडीवर किंवा पसरलेल्या पायांवर बाळ आणि हातात खुंटा. जात्याची घरघर आणि ओवीचा एकसुरी ताल यांत किती पिढ्या झोपल्या असतील याचा हिशोब नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. पुढे पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पाळण्याच्या, तान्हुल्याच्या ओव्या वाचताना मला नेहमी वाटते की त्या बाळासाठी कमी आणि गाणारीच्या जागरणासाठी जास्त आहेत. त्यांत माहेर येते, भाऊ येतो, सासूचा बोल येतो. बाळाला त्यातले काय कळणार? त्याला सूर पुरतो. शब्द जागणाऱ्या बाईला लागतात.

आमच्या गावात पिठाची गिरणी आली ती डिझेल इंजिनाची. जुन्या बायका सांगत, पहाटेचे जाते थांबले आणि पहिल्यांदा आम्ही बाळाच्या शेजारी उजाडेपर्यंत पडून राहिलो. गिरणी म्हटले की विकासाच्या पुस्तकांत अश्वशक्ती आणि क्विंटल येतात. बायकांना मिळालेले हे दोन तास कुठल्या रकान्यात लिहायचे?

केडगावचे नाव जगात पोहोचले ते पंडिता रमाबाईंमुळे. त्यांच्याकडे आपण विदुषी, सुधारक, धर्मांतराचा वाद अशा वाटांनी जातो. मी या वेळी झोपेच्या वाटेने गेले. १८८१ च्या एप्रिलमध्ये त्यांना मुलगी झाली, मनोरमा. पुढच्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, तेव्हा मनोरमा दहा महिन्यांची होती. आई-वडील आणि बहीण दुष्काळात आधीच गेलेले, भाऊही उरला नव्हता. या अवस्थेत रमाबाई पुण्याला आल्या आणि १८८२ मध्येच त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले. त्यात अपत्यसंगोपनावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते पुस्तक आले तेव्हा लेखिका २४ वर्षांची होती आणि तिच्या घरात वर्षाचे मूल होते. उपदेशाचा सूर त्यात आहे, तो त्या काळाचा आहे. पण मला त्या पानांमागे एक रात्र दिसते. पाळण्याची दोरी ओढायला नणंद नाही, आजी नाही. एकटी विधवा आणि एक मूल.

तेव्हाच्या आयांना झोपेपेक्षा मोठी भीती होती. आनंदीबाई जोशींचे मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या घरात मूल जगेल की नाही याचीच खात्री नाही, तिथे झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणे हेच जागरणाचे पहिले कारण असते.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून हा सगळा जथा केडगावच्या शेतावर उतरला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. एवढ्या माणसांचे गाव घंटेवर चालते. संस्थेच्या इंग्रजी पत्रिकेच्या नावातसुद्धा घंटा आहे, 'मुक्ती प्रेयर बेल'. त्या गर्दीत आईवेगळी लेकरे होती आणि लेकरू गेलेल्या आयाही होत्या. टाकलेल्या, नवरा मेलेल्या, दुष्काळात घर बुडालेल्या बायका. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाला घंटेचे काही देणेघेणे नसते. त्याला छाती, हेलकावा आणि सूर हवा असतो. तो रक्ताच्या आईचाच हवा असा त्याचा हट्ट नसतो. मुक्तीची इमारत, छापखाना, बायबलचे भाषांतर यांवर पुष्कळ लिहिले गेले. परक्या बाळासाठी जागलेल्या बायकांच्या रात्रींवर कोणी लिहिले नाही. तसे काम त्या आवारात आजही चालू आहे. स्टेशनवरून येता-जाता भिंतीपलीकडे बाळाचा आवाज कानावर आला की माझे पाय अजून रेंगाळतात.

केडगावच्या स्टेशनावरून दुसरीही एक वाट जात होती, मुंबईच्या गिरण्यांकडे. कोकणातून बोटीने आणि घाटावरून रेल्वेने लोक गेले. पुणे, सातारा, नगर जिल्ह्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे चाळींत राहू लागली आणि बायकाही वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत उभ्या राहिल्या. भोंगा पहाटेच व्हायचा. बाळ कोणाकडे ठेवायचे? गावाकडची आजी गावाकडेच राहिलेली. खोलीत असलीच तर सहा-सात वर्षांची थोरली पोर, किंवा शेजारची म्हातारी, जिच्याकडे आणखी चार बाळे सोपवलेली.

मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमले. १९२२ मध्ये त्यांचे निष्कर्ष सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आले. त्यातला एक आकडा मी आधी चूक छापला असेल असे समजून पुन्हा पुन्हा वाचला. कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणत तिला. मोहरीएवढी गोळी, बाळ दिवसभर निपचित. भूक कळत नाही, म्हणून दूध मागत नाही. दूध नाही म्हणून वाढत नाही. १८९३ ते ९५ या काळात अफूवर शाही आयोग बसला होता, त्याच्यापुढेही बाळांना अफू देण्याच्या प्रथेचा विषय निघाला होता. खेड्यांतही ही गोळी माहीत होती. पण गिरणगावात ती घड्याळाशी जोडली गेली. पाळीच्या तासांएवढी झोप.

असे आकडे वाचून 'अडाणी आया' हा शब्द सहज तोंडात येतो. त्या काळच्या कितीतरी सुशिक्षितांच्या तोंडी तो आला. माझ्या तोंडी येत नाही, त्याला कारण आहे.

आमचे स्टेशनजवळ किराण्याचे आणि काष्ठौषधींचे दुकान. बाळगुटीचा पुडा सासरे स्वतः बांधून देत. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, अतिविष, काकडशिंगी, हिरडा, बेहडा, सुंठ, ज्येष्ठमध, मायफळ, जायफळ, खारीक, बदाम. सहाणेवर प्रत्येकाचे किती वेढे उगाळायचे ते ठरलेले. वेढा हे माप मला फार आवडते. तोळ्या-मासाच्या पलीकडचे, हाताचे माप. जायफळ झोपेसाठी, एकच वेढा, फार तर दोन. ही मुलगी चार महिन्यांची होती. लग्नसराईचे दिवस, सासरे आजारी, दुकान माझ्यावर आणि ही रात्रंदिवस जागी. एका संध्याकाळी मी जायफळ उगाळत राहिले. मोजले नाही. सात झाले असतील, आठही असतील. ती झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आधी मला बरे वाटले, हे मी लपवणार नाही. मग सकाळी दूध पाजायला घेतली तर मान टाकलेली, ओठ हलेनात. दौंडला डॉक्टरांकडे नेली. त्यांनी विचारले, काय दिले? मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितले. संध्याकाळी ती रडली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिच्याबरोबर रडले. मुलीला ही गोष्ट मी यंदा पहिल्यांदा सांगितली. नातीला गुटी नको, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले तेव्हा मी एका शब्दानेही वाद घातला नाही, त्याचे तिला नवल वाटले होते.

तर त्या ९८ टक्के आया. त्या मला परक्या वाटत नाहीत.

बाळगोळी ही काही हिंदुस्थानची मक्तेदारी नव्हती. इंग्लंडच्या गिरणी गावांत 'गॉडफ्रे कॉर्डियल' नावाचे अफूचे सरबत घरोघर होते. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले जाई, त्यात मॉर्फीन असे. जिथे जिथे आईला भोंग्यावर जावे लागले तिथे तिथे बाळाला झोपवणारी बाटली निघाली. अफू मागे पडल्यावर सौम्य बाटल्या आल्या. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये निघाले; बडीशेपेच्या जातीच्या शेपूचे तेल, सोडा, साखर, आणि जुन्या सूत्रात अल्कोहोलही. आमच्या दुकानात ती बाटली गुटीच्या पुड्याशेजारीच असे. 'तुमच्या लहानपणी तुम्हालाही हेच दिले होते' अशा अर्थाची तिची जाहिरात दूरदर्शनवर लागली की आत्याबाई म्हणत, "मला न्हाई दिलं बया कुनी."

विलायतेत आणि अमेरिकेत याच सुमाराला दुसराही एक उपाय निघाला, औषधाविना. बाळालाच घड्याळ शिकवायचे. न्यू यॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांचे बालसंगोपनाचे पुस्तक १८९४ चे. त्यात बाळाला झुलवणे निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक ठरवले आहे. न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग यांनी तर चार-चार तासांनीच दूध आणि रात्री काही नाही, असा शिरस्ता घालून दिला. रडते तर रडू द्या. गिरणीचा भोंगा आणि हा शिरस्ता यांची मला मोठी भावंडे वाटतात. दोघांनाही बाळाने पाळीवर झोपावे असे वाटते. आपल्याकडे हे पाळण्याच्या दोरीपुढे फारसे टिकले नाही, कारण घरात दोरी ओढणारे हात होते. आता ते हात कमी झाले आहेत आणि होल्टसाहेब मोबाइलमधून परत आले आहेत.

गिरणगावातला प्रश्न अखेर कायद्याकडे गेला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, डॉ. आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. १९३१ च्या व्हिटली आयोगाने बाळांना अफू देण्याची दखल घेऊन कारखान्यांत पाळणाघरे हवीत असे सांगितले. मराठीने क्रेशला पाळणाघर हा शब्द दिला, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. पाळणा घरातून बाहेर पडला आणि बाहेरच्या जागेलाच घर म्हणावे लागले. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. क्लाइटमनच्या त्या तक्त्याची शेवटची ओळ १८२व्या दिवसाचीच आहे. हा निव्वळ योगायोग आहे, हे मला कळते. पण मुलीच्या बाबतीत तोही साधला नाही. तिने बाळंतपणाआधी पाच आठवडे रजा घेतली, ते त्यातूनच वजा झाले. बाळाची रात्र जागेवर बसत असेल-नसेल तेव्हा ती पुण्याच्या बसमध्ये असेल.

आणि ही रजा ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्या आमच्या गावाच्या शिवारात दर दिवाळीनंतर येतात. दौंड-शिरूर हा उसाचा पट्टा. बीड, नगरकडून कोयत्याची जोडपी येतात, कोप्या पडतात. पहाटे अंधारातच तोड सुरू होते. बांधावरच्या बाभळीला किंवा गाडीच्या दांड्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि झोळीत तान्हे बाळ. थोरली पोर येता-जाता एक झोका देते. गेल्या हंगामात आमच्या वाट्याच्या उसात अशी एक जण होती. बाळ किती महिन्यांचे, विचारले. "चौथा लागलाय, मावशी." झोपते का? ती हसली. "त्ये झोपतंय का न्हाई, मला कुठं ठावं? मीच उभ्या उभ्या झोपती." मग कोयता टेकवून झोळीकडे गेली, कारण तिला काही ऐकू आले होते. मला आले नव्हते.

घरी मी कालनिर्णयच्या पानांमागे नातीच्या झोपेचा तक्ता काढते आहे. दिवसाला एक ओळ, पेन्सिलीने. अ‍ॅपमध्ये नसलेला एक रकाना मी जास्त धरला आहे, कोण जागले याचा. पहिले दोन आठवडे त्यात नुसते 'आई, आई, आई' येत होते. जावई शनिवार-रविवारी येतात. त्यांना दोरी कशी ओढायची ते दाखवावे लागले, फार जोरात ओढायचे. कालच्या ओळीत रात्री सव्वादोनला जाग, अडीचला सोलापूरकडची गाडी गेली, पावणेतीनला झोप. पुढे लिहिले आहे, 'बाबा'.